साडेतीनच्या वर आकडा आला, म्हणून इमारत सुरक्षित?

मुंबईत 30 वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. त्यामुळे सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतो: ‘यूपीव्हीचा आकडा साडेतीनच्या वर आला की बिल्डिंग सेफ. हॅमरने ताकद कळतेच. बाकीच्या चाचण्या म्हणजे पैसे उकळणं.’ यूपीव्ही म्हणजे काँक्रीटमधून ध्वनीचा स्पंद पाठवून त्याचा वेग मोजणं; हॅमर म्हणजे काँक्रीटवर आपटून बघायचा चाचणीचा हातोडा. हे काम मी रोज करतो, म्हणून राहवत नाही.

आकडा हवेतला नाही. आयएस 13311 (1992) या जुन्या, आता बदललेल्या भारतीय मानकात सेकंदाला 3.5 ते 4.5 किमी वेगाच्या काँक्रीटला ‘चांगलं’ म्हटलं होतं. पण हा शेरा काँक्रीटवर आहे, इमारतीवर नाही; तोही जिथे प्रोब (स्पंद पाठवणारं आणि पकडणारं टोक) टेकवले तेवढ्याच रेषेपुरता.

शिवाय तो वेग निघतो कसा ते बघा. कॉलमचा गिलावा काढायचा, ग्रीस लावून समोरासमोर प्रोब दाबायचे. स्पंद पलीकडे पोचायला लागलेला वेळ यंत्र मोजतं. 300 मिमीच्या कॉलममध्ये 75 मायक्रोसेकंद, म्हणजे वेग 4.0. ग्रीस नीट बसलं नसेल तर सिग्नल क्षीण होतो, लहरीचा पहिला उंचवटा यंत्राला जाणवतच नाही आणि ते पुढचा पकडतं. 54 किलोहर्ट्झच्या प्रोबचं एक आवर्तन 18.5 मायक्रोसेकंदांचं. तेवढा उशीर धरून वेळ झाली 93.5, आकडा 3.2. काँक्रीट तेच! उलटही घडतं. गळक्या बाथरूमशेजारच्या कॉलममधली भेग पाण्याने भरलेली असली की स्पंद त्यातून पार होतो आणि आकडा छान येतो. स्क्रीनवरचा सिग्नल पाहिल्याशिवाय नुसत्या आकड्यावर मी तरी सही करत नाही.

हॅमरबद्दल थोडक्यात: तो पृष्ठभागाचा कठीणपणा सांगतो. त्याच मानकाचा दुसरा भाग ताकदीच्या अंदाजात अधिक-उणे 25 टक्के चूक धरत होता. जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कार्बोनेशनने (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या परिणामाने) कडक झालेला असतो, त्यामुळे ताकद फुगून दिसते.

राहिली ‘पैसे उकळण्याची’ बाब. सळईला गंज चढतोय का, हे यूपीव्ही आणि हॅमर दोन्ही सांगत नाहीत. जुन्या इमारतींत खरं दुखणं तिथेच असतं. त्यासाठी हाफ-सेल चाचणी आहे; ती सळईचा विद्युतदाब मोजून गंजाची शक्यता सांगते. आणि फिनॉल्फ्थॅलिन या रंग बदलणाऱ्या द्रवाच्या चाचणीला तर एक छिन्नी आणि एक बाटली पुरते: ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फवारा मारायचा, गुलाबी झालं तर सळईला गंजापासून वाचवणारी अल्कली शाबूत. सळईपर्यंत रंगच चढला नाही, तर तिचं संरक्षण गेलेलं असतं, मग यूपीव्ही 4 का असेना.

अहवालात नुसता आकड्यांचा तक्ता आला, तर सेक्रेटरींनी एजन्सीकडून संशयास्पद जागांचे सिग्नल छापून मागावेत.