नाणं राहू द्या, आधी डबी दाखवा

पहिली गोष्ट म्हणजे नाण्याकडे बघू नका. सवय असते, मान्य आहे, स्लॅब, म्हणजे नाणं आत सील केलेली प्लास्टिकची डबी, हातात आला की नजर आपसूक व्हिक्टोरिया राणीच्या तोंडाकडे जाते, पण ते काम कोणीतरी पगार घेऊन आधीच केलंय आणि लेबलवर नंबर पण छापून दिलाय, मग तुम्ही काहून डोळे फोडून राहिले? तुमचं काम प्लास्टिक बघायचं. नागपुरात चांगलं नाणं ओळखणारे अजूनही भेटतात बाप्पा, महाल भागात एखादे काका असतात जे भोसल्यांच्या काळचा रुपया नुसता अंगठा फिरवून सांगतात, पण त्यांच्यासमोर डबी ठेवली की ते ती उघडायला बघतात. अशा अडाणी लोकांपासून चार हात लांब राहा.

नवीन मंडळींसाठी पटकन सांगतो. पीसीजीएसचे स्लॅब १९८६ मध्ये आले आणि एनजीसीचे १९८७ मध्ये, दोन्ही अमेरिकेतल्या कंपन्या, काम काय तर नाणं तपासायचं, १ ते ७० मध्ये नंबर द्यायचा आणि कडक प्लास्टिकच्या डबीत सील करून टाकायचं. हेतू असा होता की नाण्याला हात लागू नये, बदलाबदली होऊ नये, आणि दर सौद्याला दर्जावरून भांडण होऊ नये. चाळीस वर्षांत प्रगती झाली. आता भांडण डबीवरून होतं.

आणि ही ७० ची भानगड कुठून आली ते पण माहीत असू द्या, चारचौघांत बोलायला कामी येतं. विल्यम शेल्डन नावाच्या माणसाने १९४९ मध्ये सेंट नावाच्या जुन्या, मोठ्या अमेरिकन नाण्यांसाठी हे मोजमाप काढलं. हा गडी मुळात मानसशास्त्रवाला, माणसांची शरीरं बघून त्यांचे तीन प्रकार पाडायचा आणि त्यावरून स्वभाव सांगायचा. पुढे असं उघड झालं की अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले चांगले सेंट याने काढून घेतले आणि त्यांच्या जागी आपले कमी दर्जाचे ठेवून दिले. म्हणजे दर्जाची पारख होती बरं का, एकदम पक्की. ज्या मोजपट्टीवर अख्खी दुनिया विश्वास ठेवते ती अशा हातातून आलीय, तरी तुम्ही निश्चिंत राहा, नंबर छापील आहे.

आता मुद्द्यावर येऊ. डबीची कंडिशन बघायची कशी?

स्लॅब ट्यूबलाइटखाली नको, एकाच दिव्याखाली धरा आणि हळूहळू तिरपा करा. ओरखडा प्लास्टिकवर असेल तर तो नाण्यावरून सरकल्यासारखा दिसतो, आधी राणीच्या गालावर होता तो आता कानाजवळ गेला, कारण प्लास्टिक आणि नाणं यांच्यात थोडं अंतर असतं. ओरखडा जागचा हलला नाही तर तो नाण्यावरच आहे. अडाणी माणूस इथे उलटा वागतो, ओरखडा सरकला की सुटकेचा श्वास टाकतो आणि म्हणतो चला, नाणं वाचलं. तुम्ही असं करायचं नाही. ओरखडा सरकला की चेहरा पाडा. नाही सरकला तर हुश्श म्हणा, डबी वाचली.

मग चारही कोपरे. स्लॅब टेबलावरून पडला की सहसा कोपऱ्यावर पडतो आणि तिथे टवका उडतो किंवा केसाएवढी चीर जाते. नख फिरवून बघा, चीर नखाला लागते. मग दोन भाग जिथे जोडलेत ती कड, मग लेबल, त्याचा रंग उडालाय का ते. या सगळ्यात पाच मिनिटं तरी गेली पाहिजेत. दुकानदार मध्येच म्हणेल भाऊ नाणं पण पाहून घ्या, त्याला हातानेच थांबवा.

पीसीजीएसचे अगदी सुरुवातीचे स्लॅब असतील तर कानाजवळ नेऊन हलवा. त्यात नाणं सैल बसायचं आणि खडखड वाजायचं, म्हणून लोक त्याला रॅटलरच म्हणतात. दुसऱ्या कुठल्या धंद्यात माल खुळखुळला की गिऱ्हाईक परत करतो, इथे न वाजला तर संशय घेतात. नव्वदच्या दशकातले फिक्या हिरव्या लेबलचे पण असेच लाडके. कारण असं सांगतात की त्या काळी तपासणी कडक होती, नंबर हात आखडून दिले जायचे, म्हणजे आतलं नाणं छापलेल्या नंबरपेक्षा वरचढ असू शकतं. एनजीसीचे पहिले काळे स्लॅब तर इतके दुर्मीळ की त्यांच्यात कोणतं नाणं आहे हे विचारणं असभ्यपणाचं मानतात, असं मी मानतो.

जुनी डबी फार घासली गेली असेल तर कंपनीकडे पाठवून नवी करून मिळते. इथे तुमच्या तत्त्वांची परीक्षा आहे. नवी डबी स्वच्छ, चकचकीत, आतलं नाणं नीट दिसेल. आणि जुनी डबी, जिच्यासाठी तुम्ही जास्तीचे पैसे मोजले होते, ती गेली कायमची. म्हणजे सुधारली तर किंमत उतरते आणि तशीच ठेवली तर काही दिसत नाही. अनुभवी लोक तशीच ठेवतात, बघायचंय कुणाला.

घरच्या घरी पॉलिश करायची खुमखुमी येईल. प्लास्टिकचं पॉलिश मिळतं, मऊ कपड्याने हलक्या हाताने घासलं तर बारीक रेघा जातात, पण घरात शोधाशोध केली की नेमकी नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली आधी हाताला लागते. त्यात बहुतेक वेळा ॲसिटोन असतं आणि या कडक पारदर्शक प्लास्टिकला ते खाऊन टाकतं, आधी धुरकट, मग चिकट, मग बोटाचा ठसा कायमचा उमटतो. गंमत म्हणजे हेच शुद्ध ॲसिटोन सुट्या नाण्यावर चालतं. आपल्याकडचे मऊ पानांचे अल्बम बरेचदा पीव्हीसीचे असतात, त्यात वर्षानुवर्षं राहून तांब्याच्या नाण्यावर हिरवा चिकट थर चढतो, तो ॲसिटोनने निघतो. म्हणजे जे नाण्याला औषध ते डबीला विष. कोणाला वाचवायचं हे तुमचं तुम्ही ठरवा, मला वाटतं आपलं ठरलेलंच आहे.

नागपूरकरांना एक जादा धोका आहे, तो दुसऱ्या गावातले सांगणार नाहीत. संत्रं. सालीतलं जे तेल उडतं ना, डोळ्यात गेलं की झोंबतं ते, त्यात लिमोनीन असतं आणि पॉलिस्टायरीन नावाचं प्लास्टिक त्यात विरघळतं. पोरं साल पिळून फुगे फोडतात ते उगाच नाही. म्हणजे तुम्ही टेबलावर पॉलिस्टायरीनचा स्लॅब ठेवून निवांत संत्रं सोलून राहिले आणि एक फवारा बरोब्बर राणीच्या डोक्यावर बसला की पुसा आता. डिसेंबर जानेवारीत पाहुणे पिशवी भरून संत्री आणतात, त्यांना बाहेरच्या खोलीत बसवा, सालींसकट. माणसं काय, पुढच्या वर्षी परत येतील.

उन्हाळ्यात कूलर. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, कूलर लावावाच लागतो आणि कूलरपुढे कपाट असतंच, कारण आपल्या घरांत दुसरी जागाच नसते. पाण्याचे शिंतोडे उडाले की डबीवर क्षाराचे पांढरे ठिपके बसतात. बाहेरचं एवढंच. पण आतलं पण सांगून ठेवतो, ही डबी हवाबंद नसते, दमट हवा आत जाते आणि चांदी सावकाश काळी पडू लागते. घाबरू नका, काळं झालं तर त्याला टोनिंग म्हणतात आणि रंग जरा निळा जांभळा आला तर भाव वर जातो. डबीवरच्या ठिपक्याला मात्र असं काही गोंडस नाव नाही, तो ठिपकाच राहतो, म्हणून कूलरची दिशा तुमच्याकडून वळली तरी चालेल पण कपाटाकडे नको.

विकायची वेळ आली की भाषा सांभाळा. प्लास्टिकला १ ते ७० नंबर नाहीत, अजून तरी, त्यामुळे वर्णन तुमच्या हातात आहे आणि ते स्थळाच्या जाहिरातीसारखं करायचं, वयाच्या मानाने छान, किरकोळ खुणा, प्रत्यक्ष बघून निर्णय घ्यावा. फोटो सरळ समोरून काढा, प्रकाश असा की सगळे ओरखडे झोपी जातील. कुणी तिरपा फोटो मागितला तर समजा की बाबा शिकलेला आहे, त्याला उत्तर देऊ नका. आणि चुकूनही इतवारीत सराफाकडे नेऊ नका. १९०१ सालचा व्हिक्टोरियाचा रुपया म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यात चांदी अकरा बारांश, हे त्याच्या डोक्यात आहे, तो काट्याकडे हात दाखवेल आणि विचारेल हे प्लास्टिक काढू का? त्या माणसाचा दोष नाही, त्याला संस्कारच तसे.

राहिले नकली. डब्या पण नकली येतात, लेबल छान, नंबर कंपनीच्या साइटवर टाकला तर तोही बरोबर निघतो कारण तो एखाद्या खऱ्या स्लॅबवरूनच उचललेला असतो. म्हणून नुसता नंबर नका बघू, साइटवर त्याच नाण्याचा फोटो असेल तर तो हातातल्या नाण्याशी जुळवा, हे म्हणजे नाण्याकडे बघणंच झालं, पण नाइलाज आहे. आणि याहून अवघड प्रकार म्हणजे डबी अस्सल पण कोणीतरी ती उघडून आतलं नाणं बदललेलं. जोडावर पांढरट रेघ, गोंदाचा बारीक थेंब, एका कोपऱ्याचा टवका, अशी लक्षणं. दुसरा कोणी असता तर दुकान डोक्यावर घेतलं असतं. तुम्ही शांतपणे विचारा की होल्डर, म्हणजे डबी, कोणत्या वर्षातला, हिरवं लेबल असेल तर घेऊन टाका, फक्त भाव पाडून मागा, कोपऱ्याचा टवका गेलाय म्हणावं.