फूटपाथच आडवा आला

गाडी लावताना चाक फूटपाथला घासून ‘खर्रर्र’ असा आवाज आला की आधी गाण्याचा आवाज वाढवा. गाडी मात्र थांबवू नका, थांबणं हा नवशिक्यांचा दोष. जागच्या जागी थांबलात तर चाकाच्या धातूच्या रिमच्या कडेवर बोटभर ओरखडा उमटतो, आणि बोटभर ओरखडा म्हणजे चूक हे कुणालाही कळतं. चाक पूर्ण फिरू दिलंत तर कडेनं अखंड गोल रेघ उमटते आणि लांबून पाहणाऱ्याला ती कंपनीनंच काढलेली नक्षी वाटते.

इथं जरा हिशेब करून ठेवा, घरच्यांसमोर कामाला येईल. टायरवर २२५/४० आर १८ लिहिलंय असं धरा. टायर २२५ मिलिमीटर रुंद, त्याच्या ४० टक्के म्हणजे ९० मिलिमीटर उंचीची रबराची भिंत, आत १८ इंची रिम. असं चाक एकदा फिरलं की गाडी साधारण दोन मीटर पुढं जाते. म्हणजे ओरखडा रिमला वळसा घालून परत सुरुवातीला भेटला असेल, तर तुम्ही दोन मीटर तो आवाज ऐकत गेला आहात. ‘लक्षातच आलं नाही’ हे वाक्य म्हणताना हा आकडा मनातच ठेवा.

मग दोषी ठरवा. गाडीत शेजारी कुणी असेल तर प्रश्नच मिटला: खरवडलेलं चाक नेहमी त्यांच्याच बाजूचं असतं, त्यांनी सांगायला नको होतं? शेजारची सीट रिकामी असेल तर भूमितीवर ढकला, आणि गंमत म्हणजे यात तथ्य आहे. वळताना मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेनं जात नाही, ते आतून, लहान वळसा घेऊन जातं. पुढचं चाक कोपऱ्यावरून अलगद निसटतं, तुम्ही सुटकेचा श्वास टाकता आणि त्याच श्वासात मागचं चाक फूटपाथला भिडतं. त्या बाजूचा आरसा थोडा खाली झुकवला की मागचं चाक आणि फूटपाथची कड दोन्ही दिसतात. काही गाड्यांत तर रिव्हर्स टाकला की आरसा आपणहून मान खाली घालतो. पण आपला आरसा क्षितिजाकडे पाहण्यासाठी असतो, तो तसाच राहू द्या.

आता पाहणी. खाली उकिडवे बसा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि अंगठ्याला थुंकी लावून ओरखड्यावर फिरवा. ओल्या जागी तो दिसेनासा होतो, तेवढे दहा सेकंद सुखाचे. वाळला की पुन्हा दिसतो, मग पुन्हा थुंकी. या सोहळ्यात अर्धा तास सहज जातो, त्यामुळे चाकाच्या बाकीच्या भागाकडे बघायला वेळ उरत नाही, तेही बरंच. कारण शेजारीच टायरच्या भिंतीवर लिंबाएवढा फुगा आलेला असू शकतो. आतले धागे तुटले की हवेच्या दाबानं तिथलं रबर बाहेर येतं. तो टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो, नाहीतर धावत्या गाडीत कधीही फुटतो. रिमला आतल्या बाजूनं चीर गेलेली असू शकते, मग चाकातली हवा रोज थोडी थोडी कमी होते. रिम वाकली असेल तर ठरावीक वेगाला स्टीअरिंग थरथरायला लागतं. पण हे सगळं पाहणार कोण? त्यातलं बरंच तर आतल्या बाजूला. पार्किंगमधल्या शेजाऱ्याला दिसतो तो ओरखडा, तेव्हा काळजी ओरखड्याचीच करावी.

एवढ्यात तुम्हाला आठवेल, ‘अरे, आपण विम्यात चाकांचं ॲड-ऑन, म्हणजे जादा संरक्षण घेतलंय की!’ गाडी घेताना तेविसाव्या कागदावर सही केली होती ती यासाठीच. पॉलिसी काढा. पहिल्या पानावर ‘टायर आणि रिम संरक्षण’ असं ठळक अक्षरात असेल, इथंच थांबून आनंद घ्या. पुढं वाचायचा मोह झालाच, तर काय काय वगळलंय ते सांगणारं पान येतं. ते पहिल्या पानापेक्षा बरंच मोठं असतं. तिथं बहुधा असं निघतं की टायर फुटला, फुगला, कापला गेला, रिम वाकली किंवा तडकली तर संरक्षण आहे. केवळ दिसण्यापुरतं नुकसान, म्हणजे ओरखडे, खरचटणं, रंग जाणं, यांना नाही. थोडक्यात, जे झालं असेल म्हणून तुम्ही पाहिलंही नाही, त्याचा विमा आहे. जे घडलंय आणि ज्यासाठी तुम्ही उकिडवे बसला आहात, त्याचा नाही.

ओरखड्यांसाठी खास वेगळं संरक्षणही काही ठिकाणी मिळतं. तेही असेल तर तुमच्यासारखे दूरदर्शी तुम्हीच. फक्त त्यात वर्षाला किती दुरुस्त्या आणि प्रत्येक दुरुस्तीला किती रक्कम ते ठरलेलं असतं, घटना ठरावीक दिवसांत कळवावी लागते, आणि आधीचे ओरखडे चालत नाहीत. आधीचे ओरखडे नव्हते याचा पुरावा म्हणजे पॉलिसी घेतली त्या दिवशीचे चारही चाकांचे फोटो. तुमच्याकडे त्या दिवसाचे फोटो आहेतच. बॉनेटवर हार घातलेले.

फॉर्ममध्ये ‘घटना कशी घडली’ असा रकाना असतो. विम्याला नुकसान अचानक आणि अनपेक्षित लागतं. फूटपाथ तिथं कित्येक वर्षं आहे, तुम्ही रोज तिथंच गाडी लावता, तरी ‘अचानक समोर आला’ असं लिहा. काही हुशार लोक सरळ ‘खड्डा’ लिहितात. नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरला खूप बरं वाटतं, तेवढीच करमणूक. खड्ड्यात आपटलेल्या चाकाची कड चेपते, पुष्कळदा आतली, आणि फूटपाथला घासलेल्या चाकाच्या बाहेरच्या कडेवर कंसासारख्या रेघा उठतात, हे तो रोज बघतो. खोटी माहिती दिली म्हणून क्लेम नाकारला की चूक फूटपाथचीच होती हे आपण लगेच मान्य करायचं.

समजा सगळं जुळलं, नियमित पॉलिसीतूनच क्लेम घ्यायचा ठरलं. तर आधी डिडक्टिबल, म्हणजे पहिला घास तुमचा: खर्चातली ठरलेली रक्कम तुमच्याच खिशातून. त्यावर नो क्लेम बोनसवर पाणी, म्हणजे पुढच्या हप्त्यातली सवलत गेली. एका रिमच्या पॉलिशचा खर्च एकीकडे आणि हे दोन्ही दुसरीकडे ठेवून पाहिलं तर नाकापेक्षा मोती जड ठरण्याचीच शक्यता जास्त. पण क्लेम घ्याच. इतकी वर्षं हप्ते भरले ते काय उगाच?

दुरुस्तीला जाण्याआधी घरी हात आजमावा. पॉलिश पेपर, पुट्टी आणि ‘चंदेरी’ लिहिलेला स्प्रेचा डबा. चंदेरी रंगाच्या किती छटा असतात हे त्याशिवाय कळत नाही. तुमची रिम डायमंड कट असेल तर प्रयोग आणखी रंगतो. ती चकाकी रंगाची नसतेच: लेथवर धातूचा पातळ थर कापून वरून पारदर्शक लाखेचा हात दिलेला असतो. ओरखड्यानं लाख फुटली की पाणी आत शिरतं आणि काही महिन्यांनी लाखेखाली पांढऱ्या अळ्यांसारख्या रेघा सरपटायला लागतात. मग पुन्हा लेथ, पुन्हा थोडा धातू कमी. असं मोजक्याच वेळा करता येतं, कारण कापलेला धातू पुन्हा उगवत नाही. कारागीर ‘त्यापेक्षा पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत भाजलेला रंग करा, टिकेल’ म्हणतो. ऐकू नका, तो त्यातला जाणकार आहे.

एक चाक लखलखीत होऊन आलं की उरलेली तीन म्हातारी दिसायला लागतात. ती तिन्हीही करून घ्या, या खर्चात विमा कंपनीला उगाच ओढू नका. बसवताना चाकांचा तोल साधणारं बॅलन्सिंग करून घ्या असं कुणी सुचवलं, तर घाई आहे म्हणा.

आता चारही चाकं नवी. फूटपाथवर विश्वास राहिलेला नाही, म्हणून गाडी त्याच्यापासून हातभर नव्हे, चांगली मीटरभर लांब लावा. रस्ता अरुंद होईल, पण रिम सुरक्षित. संध्याकाळी खाली याल तेव्हा रस्त्याच्या बाजूचा आरसा वायरला लोंबकळत असेल, आणि शेवटी एकदाचा खाली बघत असेल. त्याचा क्लेम बहुधा होतो. ही वेगळी घटना धरतात, तेव्हा डिडक्टिबल पुन्हा नव्यानं.