‘माझ्या मुलाचे दात काळे करून पाठवले’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

एक तारा आणि खाली चार तक्रारी. सहा वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाला पन्नास मिनिटं ताटकळत ठेवलं, दोन वेळा नुसतं खुर्चीवर बसवून फी घेतली, तिसऱ्यांदा समोरचे दात काळे करून पाठवलं, आणि आता दाढांसाठी पूर्ण भूल द्यावी लागेल म्हणतात. फाईलमधलं काही मी इथे चारचौघांत लिहिणार नाही. तुम्ही स्वतः जे लिहिलंय त्यावरच बोलते.

पन्नास मिनिटांची चूक आमचीच. आधीचा पेशंट लांबला होता, पण त्याचा भुर्दंड तुमच्या मुलाने का सोसावा? आवाज सहन न होणाऱ्या मुलाला आतल्या मशीनची घरघर ऐकत बाहेर बसवलं, की तो आत येण्याआधीच सगळं फिसकटतं. अशा मुलांना आता सकाळची पहिली वेळ देतो. उशीर होणार असेल तर आधी फोन जातो, म्हणजे घरातून निघायलाच नको.

आता काळे दात. ते औषध म्हणजे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. त्यातली चांदी किडीचे जंतू मारते, फ्लोराइड मऊ पडलेला दात पुन्हा कडक करायला मदत करतं. सुई नाही, मशीन नाही. जागा कोरडी करायची आणि बारीक ब्रशने थेंबभर औषध लावायचं, मिनिटभराचं काम. किडलेला भाग काळा पडतो आणि घासून जात नाही, निरोगी भाग मात्र पांढराच राहतो. काळं आणि टणक झालं म्हणजे कीड थांबली. मऊ लागत असेल तर ती अजून चालू आहे.

पण हे तुम्हाला घरी गेल्यावर कळावं, हे वाईटच. तुम्ही लिहिलंय की सही मिस्टरांनी केली, तुम्हाला कोणी काही सांगितलंच नाही. आमच्या संमतीपत्रात ‘रंग बदलू शकतो’ अशी ओळ होती. ‘शकतो’ कसलं, बदलतोच! ती ओळ मीच लिहिली होती, त्यामुळे दुसऱ्या कुणाला बोलायची सोय नाही. आता काळ्या दातांचा फोटो दाखवल्याशिवाय बाटली उघडत नाही. समोरचे दुधाचे दात साधारण सात-आठव्या वर्षी पडतात. तोवर डाग खटकत असेल, तर मूल खुर्चीवर शांत बसायला लागल्यावर त्यावर पांढरं सिमेंट भरता येतं.

फीबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. पहिल्या दिवशी खुर्ची वर-खाली करून दाखवायची, दुसऱ्या दिवशी आरसा हातात द्यायचा, मग तो तोंडात जाऊ द्यायचा. हा टाइमपास नाही, उपचारच आहे. ही पायरी गाळून चार जणांनी मूल धरून ठेवलं, तर दातांचं काम होईल, पण ते मूल पुढे कुठल्याच डॉक्टरसमोर तोंड उघडणार नाही. फी लागते हे फोनवरच सांगायला हवं होतं, तेवढं मान्य.

‘भूल द्यायचीच होती तर आधीच का नाही सांगितलं?’ कारण छोट्या किडीसाठी भूल हा पहिला मार्ग नाही. काही दाढांवर सुई न देता, न कोरता स्टीलची कॅप बसवता येते. आत कोंडलेल्या किडीला खायला मिळत नाही, ती तिथेच थांबते. पण कीड दाताच्या आतल्या नसेला जाऊन भिडली असेल किंवा पू झाला असेल, तर कॅपही नाही आणि काळं औषधही नाही. तेव्हा एकापेक्षा जास्त दाढा असतील आणि मूल बसत नसेल, तर हॉस्पिटलात भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली एकाच वेळी सगळं उरकणं बरं. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकवायच्या असतात, म्हणून ‘पडणारच आहेत’ म्हणून सोडता येत नाही.

एक गोष्ट सगळ्याच पालकांसाठी: भूल देऊन दात नीट केले आणि रात्रीचं गोड सिरप, गालात धरून ठेवलेला घास, थेरपीत बक्षीस म्हणून चॉकलेट हे तसंच चालू राहिलं, तर कीड परत येते. सिरपनंतर दात पुसा, बक्षिसाला स्टिकर द्या. औषधात साखर नसलेला पर्याय आहे का, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

काळं औषध सहा महिन्यांनी परत लावावं लागतं. आमच्याकडे यायची इच्छा नसेल, तर एक्स-रे आणि कागद रिसेप्शनवर मागा, मिळतील. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर दंत महाविद्यालय, दोन्हीकडे लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. मधल्या काळात गाल सुजला, ताप आला किंवा मूल रात्री दुखून उठायला लागलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्या दिवशी आमच्याकडे या नाहीतर दुसरीकडे जा, पण त्याच दिवशी जा.