शिलाई मशीनने गर्भपिशवी सरकत नाही: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

पंधरा दिवसांपासून आमच्याकडच्या बहुतेक ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘घरी कपडे शिवणाऱ्या माता-भगिनींनो, सावधान’ असं वरती, आणि खाली पाच मुद्दे. थोडक्यात सांगते. पायाच्या मशीनने गर्भपिशवी खाली सरकते, दिवस राहत नाहीत, म्हणून लेकुरवाळ्या नसलेल्यांनी मशीनवर बसू नये आणि मुलं झालेल्यांनी ‘पिशवीचा निकाल वेळेत लावावा’, म्हणजे ती काढून टाकावी. शिवण्यापेक्षा रेडिमेड स्वस्त पडतं. घरची शिलाई टिकत नाही. शिकायला वर्षं आणि हजारो रुपये जातात. आणि घरी शिवल्याने टेलरच्या पोटावर पाय येतो. ‘डॉक्टर सांगतात’ असं तीनदा लिहिलंय, डॉक्टरचं नाव एकदाही नाही.

असले मेसेज मी पुसून टाकते. पण हा बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात दिलेल्या माझ्या भाचीच्या घरात पोचला. लग्नाला दोन वर्षं झाली, अजून मूलबाळ नाही, आणि सासरच्यांनी कारण शोधलं मशीनमध्ये. “मावशी, मशीन माळ्यावर टाकलीय,” एवढंच ती फोनवर बोलली. म्हणून पिशवीच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते. बाकीच्या मुद्द्यांवर विश्वास ठेवला तर फार तर पैसे जातील, यावर ठेवला तर बाईचं शरीर जातं.

गर्भपिशवी पोटात अधांतरी लटकलेली नसते. बंधांनी तिला बाजूंनी धरलेलं असतं आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू तिला खालून पेलतात. हे स्नायू सैल पडतात ते अवघड किंवा लागोपाठच्या बाळंतपणांनी, ओल्या बाळंतिणीने उचललेल्या ओझ्याने, वर्षानुवर्षांच्या खोकल्याने, कायमच्या बद्धकोष्ठाने आणि पाळी गेल्यावर शरीरात होणाऱ्या बदलांनी. पायडल मारताना हलतो तो घोटा. मशीनला वेळेवर तेल घातलेलं असलं आणि पट्टा नीट ताणलेला असला की चवडा आणि टाच आळीपाळीने दाबून पायडल झुलत राहतं. त्याचा ओटीपोटावर असा जोर पडतच नाही की पिशवी जागची हलावी. उन्हाळ्यात पाण्याचे दोन-दोन हंडे वाहणारी, बाळंतपणाला महिना होत नाही तो डोक्यावर मोळी घेणारी बाई आपल्याकडे गावोगाव आहे. खरा धोका तिला आहे, आणि मेसेजात तिच्याबद्दल चकार शब्द नाही.

ही भीती नवीही नाही. 1860 च्या दशकात युरोपात मशीन घरोघरी आणि कारखान्यांत पोचली, तेव्हा पॅरिसच्या डॉक्टरांतही पायडलने बायकांची प्रकृती बिघडते अशी चर्चा झाली होती. त्यानंतर दीडशेहून जास्त वर्षं जगभरच्या बायका मशीन चालवतायत, आणि त्यांना लेकरंही होतायत.

दिवस राहत नसतील तर वर्षभर वाट पाहून तपासणी करावी, पस्तिशीपुढे असेल तर त्याआधीच. आणि ती दोघांची करावी. नवऱ्याची तपासणी त्यातली सगळ्यात सोपी आणि स्वस्त, तरी ती सगळ्यात शेवटी होते. माझ्या भाचीच्या घरी अजून झालेली नाही, मशीन मात्र माळ्यावर गेली.

आणि हा मेसेज बीड जिल्ह्यात फिरतोय याचा संताप मला सगळ्यात जास्त आहे. 2019 मध्ये इथल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण राज्यभर गाजलं. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण दर सहा जणींत एक. चाळिशीही न गाठलेल्या त्यात कितीतरी. अंगावरून पांढरं जातंय, पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला ‘पुढे कॅन्सर होईल’ अशी भीती घालायची आणि ऑपरेशन करायचं, असं चाललं होतं. इकडे उसाच्या फडात एक खाडा पडला की मुकादम पैसे कापणार, पाळीच्या दिवसांत ना आडोसा ना पाणी, मग बाईही हो म्हणायची. पुढे कंबर, सांधे, चिडचिड, झोप उडणं हे सगळं तिनेच सोसायचं. शेवटी जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची सक्ती करावी लागली.

ज्या जिल्ह्यात हे घडलं तिथल्या बाईला ‘पिशवीचा निकाल वेळेत लावा’ असं सांगणाऱ्याला आपण काय लिहितोय हे कळतं का? फडावर न जाता, लेकरू डोळ्यांसमोर ठेवून, घरात बसून चार पैसे मिळवायचा किंवा वाचवायचा मार्ग या बायकांना फार थोडा आहे. शिलाई मशीन हा त्यातला एक. नेमका तोच पिशवीच्या नावाने बंद करायचा, ही गोष्ट मी तरी गप्प राहून ऐकणार नाही.

मशीनने त्रास होतच नाही असं मी म्हणत नाही. मान आखडते, कंबर धरते, डोळ्यांवर ताण येतो. बहुतेक घरांत मशीन अंधाऱ्या कोपऱ्यात असते आणि बसायला मिळेल तो डबा. स्टूल इतकं उंच हवं की वाकावं लागू नये, उजेड डावीकडून किंवा समोरून हवा, आणि अर्ध्या तासाने उठून चार पावलं चालायला हवं. पाय दुखतच असतील तर हजार-दीड हजारात मोटर बसते. गरोदरपणात डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं असेल तर अर्थातच मशीनही नको आणि हंडेही नकोत.

रेडिमेड स्वस्त पडतं, हे काही कपड्यांपुरतं मला मान्य करावं लागतंय. टी-शर्ट, लेगिंग, जीन्स घरी शिवायच्या नादाला लागू नये. ताणणारं कापड साध्या मशीनवर नीट शिवलं जात नाही, टाके सुटतात. आठवडी बाजारात लेकराचा फ्रॉक दीडशेला मिळतो, तेवढ्यात चांगलं कापडसुद्धा येत नाही. पण ब्लाउजचं काय? अस्तराचा साधा ब्लाउज शिवायला आमच्याकडे 350 ते 400 रुपये घेतात, लग्नसराईत वर चार खेपा. ब्लाउजपीस साडीतच असतो. अस्तर, हुक आणि रीळ मिळून घरी शंभराच्या आत काम होतं. सहा-सात हजारांची मशीन वीस-पंचवीस ब्लाउजांत वसूल होते, आणि तीन बायकांच्या घरात तेवढे ब्लाउज व्हायला फार काळ लागत नाही. परकर, गाऊन, अभ्रे, दुपटी यांचा हिशोब तर मी धरलेलाच नाही.

घरचं शिवलेलं टिकत नाही, असं ज्याने लिहिलं त्याने रेडिमेड ब्लाउज कधी उलटा करून पाहिलेला नसावा. आत जेमतेम बोटाच्या पेराइतकं कापड आणि त्याची कड सुटू नये म्हणून मारलेलं ओव्हरलॉक. अंग जरा भरलं की तो ब्लाउज वाया, कारण उसवून सैल करायला जागाच ठेवलेली नसते. घरी शिवताना दोन्ही कुशींना दीड इंच माया, म्हणजे शिलाईबाहेरचं जादा कापड, सोडायची आणि एकाशेजारी एक तीन शिलाया मारायच्या. बाळंतपणानंतर आतली एक उसवली की तोच ब्लाउज पुन्हा अंगात बसतो. कापड कापण्याआधी सुती ब्लाउजपीस आणि अस्तर दोन्ही रात्रभर पाण्यात भिजवून वाळवायचं. हे न केल्याने अस्तर पहिल्याच धुण्यात आकसतं, वरचं कापड मुंढ्यापाशी फुगतं, आणि बाई म्हणते मला शिवताच येत नाही. शिलाई उसवते ती बहुधा टाका लांब ठेवल्याने, किंवा शेवटाला उलटा टाका न मारल्याने. दोन्ही सुधारायला मिनिटही लागत नाही.

मेसेजात याच मुद्द्याखाली शाळेच्या गणवेशांचा दाखला दिलाय, ‘बायकांनी शिवलेले बघितले ना’ म्हणून. 2024-25 मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ करताना कापलेलं कापड वरून आलं आणि महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांच्या बायकांना फक्त शिवायला दिलं. मापं बसली नाहीत, कित्येक शाळांत गणवेश उशिरा पोचले, हे खरं आहे. पण पोराचं माप न घेता कापड बेतलं तर राजवाड्यातला शिंपीही काय करणार? त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सरकारने गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. दोष बेतण्याचा होता आणि खापर शिवणारीच्या डोक्यावर फोडलं.

टेलरच्या पोटावर पाय येतो म्हणणाऱ्यांनी आपल्या गावातल्या टेलरलाच विचारावं की त्याचं गिऱ्हाईक कुणी नेलं. रेडिमेडच्या दुकानांनी नेलं. घरी शिवणारी बाई त्याच्याकडे कोट, शेरवानी, भरजरी ब्लाउज घेऊन जातेच, आणि काजं, पिको-फॉलसाठीही जाते.

राहिला शिकण्याचा मुद्दा. परकर आठवड्यात येतो, साधा ब्लाउज महिना-दीड महिन्यात, कटोरी ब्लाउजला जास्त वेळ लागतो. हजारो रुपये भरायची गरज नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत, बँका त्या चालवतात, आणि तिथे शिवणकामाचं महिनाभराचं प्रशिक्षण राहण्या-जेवणासकट फुकट मिळतं. पुढची तुकडी कधी बसते ते बँकेत किंवा पंचायत समितीत बचत गटांचं काम बघणाऱ्या उमेद अभियानाच्या ताईंना विचारा. ज्या ग्रुपवर तो मेसेज आला, त्याच ग्रुपवर तुमच्या जिल्ह्यातल्या संस्थेचा पत्ता टाका.