मोठ्या माणसांना शिकवायचं असेल तर त्यांच्याच वहीपासून सुरुवात करा

नाशिकला अंबड एमआयडीसीजवळ मी गेली 11 वर्षं टॅली (कॉम्प्युटरवर हिशोब ठेवायचं सॉफ्टवेअर) आणि जीएसटी शिकवते, संध्याकाळची बॅच. कॉलेजची मुलं थोडी असतात, बाकी सगळी मोठी माणसं. कंपनीत शिफ्ट करणारे, बचत गटाच्या ताया, मुलं मोठी झाल्यावर नोकरी शोधणाऱ्या बायका, दुकान सांभाळणारे काका. आज लिहायचं कारण असं की परवा एक नवीन शिकवणारी मुलगी मला म्हणाली, मॅडम ह्या लोकांना इंटरेस्टच नसतो, दोन आठवडे येतात आणि गायब होतात. मला ते खूप लागलं, कारण 11 वर्षांपूर्वी मीही अगदी हेच बोलायचे.

तेव्हा मी पहिल्याच दिवशी फळ्यावर इंग्रजीत हिशोबाचे गोल्डन रूल्स लिहायचे, डेबिट द रिसीव्हर, क्रेडिट द गिव्हर, आणि सगळ्यांकडून म्हणून घ्यायचे. त्या बॅचला एक ताई होत्या, चाळिशी ओलांडलेल्या, त्यांना मी उभं करून विचारलं डेबिट म्हणजे काय. त्या काहीच बोलल्या नाहीत, मागच्या बाकावरची दोन पोरं हसली, आणि ताई दुसऱ्या दिवसापासून आल्याच नाहीत. मी फोन केला तर म्हणाल्या, "मॅडम, माझ्या डोक्यात नाही शिरत ते, फी राहू द्या तुमच्याकडे." नंतर मला दुसरीकडून कळलं की ह्याच ताई त्यांच्या बचत गटाच्या सचिव होत्या, 6 वर्षं गटाची वही एकट्या लिहीत होत्या. हप्ता आला की बाईच्या खात्याला जमा, कर्ज दिलं की तिच्या नावे टाकलं, महिन्याच्या मीटिंगला पै न पै जुळवून दाखवायच्या. अहो, नावे म्हणजेच डेबिट आणि जमा म्हणजेच क्रेडिट! जे त्यांना माझ्यापेक्षा जास्त सरावाचं होतं तेच मी त्यांना परक्या शब्दांत विचारलं आणि चारचौघांत गप्प बसवलं. ती चूक माझी होती आणि ती मला अजून आठवते.

तेव्हापासून माझा पहिला तास वेगळा असतो. कॉम्प्युटर बंद. प्रत्येकाने घरातली किंवा कामावरची एक वही, बिलबुक, दुधाचा हिशोब, जे असेल ते आणायचं, आणि कोणाकडून येणे कोणाला देणे ते आधी मराठीत मांडायचं. रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची वही), खतावणी (खात्यांची वही) हे शब्द वयस्कर काकांना माहीत असतात, मग लेजर म्हणजे खतावणी म्हटलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. कॉम्प्युटर चालू होतो दुसऱ्या दिवशी, तोपर्यंत अर्धी भीती गेलेली असते.

माझं ठाम मत आहे की मोठ्या माणसाला मोटिव्हेशनल लेक्चरची गरज नसते. आठ तास मशिनवर उभं राहून, डबा धुवून, मुलांचं जेवण उरकून जो माणूस 7 वाजता क्लासला येतो त्याला जिद्द काय असते ते आपण काय सांगणार. त्याला भीती असते ती हसू व्हायची, आणि दुसरी की एवढे पैसे आणि वेळ घालून उपयोग होईल का. या दोन्हीचं उत्तर भाषणात नाही, पहिल्या आठवड्यातल्या कामात आहे.

एक सीएनसी ऑपरेटर, म्हणजे कंपनीत कॉम्प्युटरवर चालणारं मशिन सांभाळणारे दादा आले होते, म्हणाले मी आयुष्यात कॉम्प्युटर हाताळलेला नाही. मी विचारलं दिवसभर काय करता, तर मशिनच्या फॅनक पॅनेलवर प्रोग्राम टाकतो, ऑफसेट (हत्याराच्या मापाचे आकडे) बदलतो. मग हा कॉम्प्युटर नाही तर काय आहे! पण माऊस धरला की त्यांचा हात कडक व्हायचा, टेबलाच्या टोकाला गेला की माऊस तिथेच अडकायचा, उचलून परत मध्ये ठेवायचा असतो हे कोणी सांगितलंच नव्हतं. मी बाजूला उभी राहून फक्त तोंडाने सांगत राहिले, हात लावला नाही. हा माझा नियमच आहे आणि नवीन शिकवणाऱ्यांनी तो पाळाच, विद्यार्थ्याच्या हातातून माऊस घ्यायचा नाही. आपण 2 सेकंदात करून देतो आणि त्याला कळतं की मला जमणार नाही म्हणून मॅडमनी घेतला. त्यांनी टॅलीत एफ8 दाबून पहिलं सेल्स व्हाउचर, म्हणजे विक्रीची नोंद, टाकलं त्याला 25 मिनिटं लागली, लागू देत.

उदाहरणंही पुस्तकातल्या राम अँड कंपनीची नकोत. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले, साबण टूथपेस्ट 18 वरून 5 टक्क्यांवर आलं, तेव्हा मी सगळ्यांना किराण्याची एक आधीची आणि एक नंतरची पावती आणायला लावली. सीजीएसटी (केंद्राचा वाटा) आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) निम्मं निम्मं कसं पडतं हे त्या दिवशी कोणाला दोनदा सांगावं लागलं नाही. परीक्षाही तशीच, एका छोट्या दुकानाची महिन्याची बिलं हातात देते आणि सांगते की जीएसटीआर-1 ची (विक्रीचं रिटर्न) तारीख 11 आणि थ्रीबीची (कर भरायचं रिटर्न) 20, तेव्हा आकडे जुळवून द्या. चुकलं तर लाल पेन नाही, बाजूला बसून शोधायचं.

आता गायब होण्याचं. हजेरीचं रजिस्टर घेऊन बसले तेव्हा दिसलं की बरेचजण दर दुसऱ्या आठवड्याला गैरहजर. सेकंड शिफ्ट, म्हणजे दुपार ते रात्र! आळस कसला, माणूस कंपनीत असतो. म्हणून आता तोच धडा सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा घेते, शिफ्ट बदलली की दुसऱ्या बॅचला बसा, परवानगी मागायची गरज नाही. मला जास्त तास पडतात, पण गळती खरंच खूप कमी झाली. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 मध्ये शेतकरी मजुरांसाठी शाळा काढली ती रात्रीची काढली, कारण दिवसा माणूस कामावर असतो. इतकी साधी गोष्ट आहे आणि आज करिअरचे कोर्स विकणारे दुपारी 2 ची बॅच ठेवून वर म्हणतात लोक सिरीयस नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

आणि हो, वयाने मोठ्यांना ताई, काका, दादा म्हणा आणि अहोजाहो करा. "एवढं पण येत नाही?" हे वाक्य वर्गात नकोच.

सोमवारी नवीन बॅच सुरू होतेय. सगळ्यांना मेसेज केलाय की पेन, चष्मा आणि घरातली हिशोबाची वही घेऊन या. त्या सचिव ताईंनाही मी पुन्हा फोन केला होता, त्या म्हणाल्या बघते. त्यांची खुर्ची मी पहिल्या रांगेत ठेवलीये.