पाचव्या दिवशी मोबाइल उघडला म्हणजे तुम्ही हरलात असं नाही

गेले पंधरा दिवस एक मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. मोबाइलमुळे माणसाचं लक्ष ८ सेकंदांवर आलंय, गोल्डफिश माशाचं ९ सेकंद टिकतं. मोबाइल मेंदूतलं डोपामाइन नावाचं रसायन संपवून टाकतो. २१ दिवस मोबाइल पूर्ण बंद ठेवा, व्यसन कायमचं सुटेल. आणि शेवटी ठळक अक्षरांत : ज्याला हे जमत नाही त्याच्यात इच्छाशक्तीच नाही.

मी सदाशिव पेठेत अभ्यासिका चालवतो. साठेक मुलंमुली बसतात, बहुतेक एमपीएससीची. हा मेसेज वाचून एका मुलानं फोन बंद करून बॅगेच्या तळाशी टाकला. पाचव्या दिवशी हॉलतिकीट आलंय का बघायला बाहेर काढला आणि दीड तास जिन्यात रील्स बघत बसला. आत आला तेव्हा डोळे भरलेले होते. "सर, माझ्यात दमच नाही. मी गावी जातो." हे मी त्याच्यासाठी लिहितोय.

आधी मासा. हा आकडा गाजला तो मायक्रोसॉफ्टच्या कॅनडा शाखेच्या २०१५ च्या एका अहवालामुळे. माणसाचं लक्ष २००० साली १२ सेकंद टिकायचं, २०१३ साली ८, असं त्यात छापलं होतं. पण ते त्यांनी स्वतः मोजलेलं नव्हतं, आकडेवारी गोळा करणाऱ्या एका वेबसाइटवरून उचललेलं होतं. २०१७ मध्ये बीबीसीच्या रेडिओ कार्यक्रमानं मूळ शोधायचा प्रयत्न केला, तर त्यामागे कुठलंच संशोधन सापडेना. बिचाऱ्या माशावरही अन्यायच, कारण शास्त्रज्ञ स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी गोल्डफिश कित्येक वर्षं वापरत आलेत. आणि आमच्याकडचीच मुलं सीसॅटचे, म्हणजे आकलन तपासणाऱ्या पेपरचे, उतारे दोन-दोन तास मान वर न करता सोडवतात. लक्ष कशावर आणि कुठे बसून, यावर सगळं असतं.

डोपामाइनचं थोडक्यात सांगतो. ते टाकीतल्या पाण्यासारखं संपत नाही. शरीर ते सतत तयार करतं, हातपाय हलवायलाही ते लागतं. पार्किन्सनच्या रुग्णांत ते कमी पडतं म्हणूनच हालचाली मंदावतात, हात थरथरतो. २०१९ मध्ये 'डोपामाइन उपवास', म्हणजे चटक लावणाऱ्या गोष्टींपासून काही काळ लांब राहणं, ही कल्पना लोकप्रिय करणारे मानसशास्त्रज्ञ कॅमेरॉन सेपा स्वतःच सांगतात की हे नाव शब्दशः घेऊ नका, मुद्दा सवयींचा आहे.

आता २१ दिवस. याच आकड्यानं त्या मुलाला रडवलं. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लॅस्टिक सर्जननी १९६० मध्ये लिहिलं होतं की रुग्णाला आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला किमान २१ दिवस लागतात. पुढे त्यातला 'किमान' गळला, चेहराही गळला, आणि 'कुठलीही सवय २१ दिवसांत' एवढंच उरलं. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर प्रत्यक्ष अभ्यास केला. जेवताना पेलाभर पाणी पिण्यासारखी साधी नवी सवय रुळायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाला २५४ पर्यंत. तेही नवी सवय लावायला. जुनी मोडायचं तर त्यात मोजलेलंच नाही. त्याच अभ्यासातली सगळ्यांत कामाची गोष्ट मात्र मेसेजमध्ये नाही : मध्ये एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही. पाचव्या दिवशी घसरलेल्या पोराला हे कुणी सांगितलं असतं तर?

शिवाय दारू पूर्ण सोडता येते. मोबाइल कसा सोडणार? जाहिरात, फॉर्म, ओटीपी, लेक्चर, चालू घडामोडींच्या पीडीएफ, घरून आईचा फोन, सगळं त्यातच. पूर्ण बंद ठेवायला सांगणाऱ्यानं या मुलांचा एक दिवस तरी बघावा.

आणि इच्छाशक्ती. इथे मला खरंच राग येतो. २००६ मध्ये अझा रास्किन या डिझायनरनं न संपणाऱ्या स्क्रोलची कल्पना काढली. आधी पान संपायचं, पुढच्या पानासाठी बटण दाबावं लागायचं, तेवढ्यात माणूस भानावर यायचा. ती जागाच गेली. पुढे त्यानं स्वतःच याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू. हे बनवायला शेकडो इंजिनिअर पगारावर बसलेत, आणि समोर कॉट बेसिसवर, म्हणजे भाड्याच्या एका खाटेवर राहणारं, मेसच्या डब्यावर जगणारं बावीस वर्षांचं एकटं पोर. त्याच्या मनाचा दोष काढायचा?

काहींचं खरोखर हाताबाहेर जातं, हे मी नाकारत नाही. झोप, अभ्यास, माणसं सगळंच सुटत असेल तर डॉक्टरकडे जावं. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून यासाठी वेगळं क्लिनिक आहे. पण बाकीच्यांना मन खंबीर करण्यापेक्षा व्यवस्था बदलल्याचा उपयोग होतो. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये हेच केलं. संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद. तिथे कुणा एकट्याच्या निग्रहाची परीक्षा नाही. शेजाऱ्याचाही बंदच असतो.

आम्ही दाराशी लाकडी कपाट केलंय, खणाखणांचं. फोन खणात, किल्ली माझ्याकडे. दुपारी दीडला आणि संध्याकाळी सहाला अर्धा-अर्धा तास मिळतो. घरचा तातडीचा फोन माझ्या नंबरवर येतो. पहिल्या आठवड्यात मुलांचे हात सारखे रिकाम्या खिशाकडे जायचे, टेबलावर बोटं नुसतीच वर सरकायची. मग कमी झालं. पूर्ण थांबलं नाही.

त्या मुलाचं हॉलतिकीट मी ऑफिसच्या प्रिंटरवर काढून दिलं. गावी तो गेला नाही. १४ नंबरचा खण त्याचा आहे.