लालबागच्या वर्गात एक बिल

डिसेंबरात बर्लिनहून मुंबईला आले होते, तेव्हा लालबागच्या माझ्या शाळेतून बाईंचा फोन आला. "दहावीच्या मुलांशी बोलशील का गं? फ्रीलान्स डिझायनर म्हणजे काय करतात, ते सांग." चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा मी याच बाईंच्या हाताखाली दिल्या. नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

जाताना मनात थोडी धास्ती होती. परदेशातून आलेल्या माणसाकडून एका ठरावीक भाषणाची अपेक्षा असते: मराठी मुलं नोकरीच्या मागे लागतात, धंद्याची हिंमत करत नाहीत, चाकोरी मोडा. गणपतीत, लग्नात, नातेवाइकांच्या ग्रुपवर हा वाद दरवर्षी रंगतो आणि त्यात आम्ही बाहेर राहणारे सगळ्यात मोठ्या आवाजात बोलतो. मीही बोलत असे. आता मला ते अन्यायाचं वाटतं.

सुरुवात मी अक्षरांपासून केली. कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं दिसत आलेला 'मंगल' फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवला, रुपयाचं चिन्ह 2010 साली आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकणाऱ्या उदय कुमार यांच्या आराखड्यातून आलं, हे सांगितलं. मुलं ऐकत होती. मग पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "ताई, महिन्याला किती मिळतात?"

मी खडू घेतला आणि फळ्यावर एक बिल लिहिलं. मसाल्याच्या पाकिटाचं डिझाइन, 40,000 रुपये. अर्धे ॲडव्हान्स. उरलेले अर्धे, काम पसंत पडल्यावर, टीडीएस कापून. शेजारी लिहिलं की याला तीन आठवडे लागले, त्यातला एक आठवडा नुसता बोलण्यात आणि दुरुस्त्यांत गेला, आणि पुढच्या महिन्यात काम येईलच असं नाही. आजारी पडलं तर बिल शून्य. वर्गात एकदम शांतता पसरली. त्या वयाच्या मुलांना हिशेब किती चटकन कळतो!

मग माझंही सांगितलं. मुंबईत सुरुवातीला एका कंपनीचा कॅटलॉग केला होता. आठ महिने फेऱ्या मारल्या. अकाउंट्समधून एकच उत्तर, "साहेब बाहेर आहेत." पैसे आलेच नाहीत. सूक्ष्म उद्योग म्हणून उद्यम या सरकारी पोर्टलवर फुकट नोंदणी केलेल्या पुरवठादाराला 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. तसा कायदा तेव्हाही होता. मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून तो मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. "ताई, माझे बाबा मस्जिद बंदरला माथाडी आहेत. त्यांचंपण रोज वेगवेगळ्या गाळ्यावर काम असतं. पण त्यांचे पैसे बोर्डातून येतात. पीएफपण आहे."

मी क्षणभर खडू हातात धरून उभीच राहिले. बर्लिनमध्ये मी ज्या आधारावर अकरा वर्षं काम करतेय, तो या मुलाने दोन वाक्यांत सांगितला होता.

जर्मनीत कलावंतांसाठी 1983 पासून एक सामाजिक विमा निधी आहे. आजारपणाचा विमा, म्हातारपणीची शुश्रूषा आणि पेन्शन यांचा अर्धा हप्ता मी भरते. उरलेला अर्धा येतो तो सरकारी अनुदानातून आणि डिझायनर, लेखक, वादक यांच्याकडून काम करून घेणाऱ्या कंपन्यांवरच्या आकारणीतून. 2025 साली ती मानधनाच्या 5 टक्के होती. आत शिरणं सोपं नसतं. कागदपत्रांचा ढीग द्यावा लागतो, कमाईचा पुरावा मागतात, आणि सगळं जर्मनमध्ये. पण एकदा आत गेलं की ताप आला म्हणून धडकी भरत नाही. माझ्या ओळखीचे जर्मन डिझायनर आपल्या मुलांपेक्षा धाडसी आहेत असं मला कधीच दिसलं नाही. त्यांच्या पायाखाली जमीन आहे, इतकंच.

आणि ती जमीन महाराष्ट्राने हमालांसाठी 1969 सालीच तयार केली होती. माथाडी कायदा. अण्णासाहेब पाटलांनी त्यासाठी रान उठवलं होतं. मालक अनेक, कामगार एक, म्हणून मधे बोर्ड: मजुरी तिथे जमा करायची, वर लेव्ही म्हणजे मजुरीवरची जादा आकारणी द्यायची, आणि त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी, दवाखाना. माथाडीच्या नावाने खंडणी उकळणाऱ्यांच्या तक्रारी आहेत आणि त्या खोट्या नाहीत. त्यांचा बंदोबस्त व्हायलाच हवा. पण त्यापायी मूळ कल्पनाच मोडीत काढावी असं म्हणणाऱ्यांशी मी कधीच सहमत होणार नाही.

2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार, म्हणजे कायम नोकरीशिवाय सुटी कामं करणारा, हा शब्द आला, हे मोठंच पाऊल. पण तिथे वर्गणीची सक्ती ॲग्रिगेटर, म्हणजे ॲपवरून काम जोडून देणाऱ्या, कंपन्यांवर आहे. थेट क्लायंटकडून काम घेणाऱ्या डिझायनरला त्याचा काय उपयोग?

आमच्या चाळीतल्या लोकांना हिंमत नाही असं म्हणणाऱ्यांनी 18 जानेवारी 1982 आठवावा. त्या दिवशी सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार उतरले आणि कित्येकांची नोकरी परत आलीच नाही. माझे बाबा त्यांतलेच. पुढे ते मला एवढंच म्हणत, "कायम नोकरी बघ." त्या शब्दांत भित्रेपणा नव्हता, रिकामा डबा पाहिलेल्या माणसाची काळजी होती. आज तीच काळजी या मुलांच्या आईबापांच्या तोंडी आहे आणि ती मला रास्त वाटते.

म्हणून मी मुलांना चाकोरी मोडा असं सांगितलं नाही. ज्याला आवडतं त्याने जरूर डिझाइन शिकावं, पण ॲडव्हान्स घेतल्याशिवाय कामाला हात लावू नये आणि सगळं लेखी ठेवावं, असं सांगितलं.

तास संपल्यावर ती पहिल्या बाकावरची मुलगी वहीचं मागचं पान घेऊन आली. फळ्यावरचं बिल तिने जसंच्या तसं उतरवलं होतं. "ताई, हे 45 दिवस बिल दिल्यापासून की काम दिल्यापासून?"

"त्यांनी काम स्वीकारल्यापासून. आणि मुदत लेखी ठरलेली नसेल तर 15 दिवसांत."

"मग करार मराठीत लिहिला तर चालतो?"

चालतो. फक्त माझ्याकडे मराठी नमुना नव्हता. परत आल्यापासून तो लिहायला घेतलाय. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत बाईंकडे पाठवायचा आहे.